मराठी न येणारी मॅडम आजी

बुधवार, ८ ऑक्टोबर २०२५. सकाळी मळभ, दुपारी लख्ख ऊन. दूधवाला उशिरा आला. शाळेत पालकसभा. चौऱ्याहत्तराव्या वर्षी भरसभेत खुर्चीवर चढले. सखुबाईंनी उतरवून घेतलं. हसून हसून कुशीत कळ आली आहे, अक्षर वाईट येतं आहे. क्षमस्व.

क्षमस्व कोणाला, ते मलाही ठाऊक नाही. माझी डायरी माझ्याखेरीज कोणी वाचत नाही. पण कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर आमच्या डायऱ्या तपासायच्या आणि गिचमिड अक्षराखाली लाल रेघ मारायच्या. ती धास्ती अजून गेली नाही. आज मात्र सिस्टरनी स्वर्गात बसून खुशाल लाल रेघा माराव्यात. आज मला भाविकाबद्दल लिहायचं आहे आणि नीट बसून लिहिण्याइतका धीर माझ्यात नाही.

भाविका घरत ही आमच्या कोपरखारच्या जिल्हा परिषद शाळेची बाई. तिसरी आणि चौथी, दोन्ही वर्ग एका खोलीत. पस्तिशीची असेल. चालते अशी की रस्त्यातली कुत्री आपण होऊन बाजूला होतात आणि बोलते त्याहून भरभर. माहेर पेणकडचं, मिठागरवाल्यांचं. सासर इथलं, रेवसच्या धक्क्याला जाताना डाव्या हाताला खारजमीन लागते, त्या कडेचं. नवरा अल्पेश आधी ट्रकवर होता. सासू सखुबाई गावची धवलारीण, म्हणजे लग्नातले धवले, विधींची गाणी, तिने सुरू केल्याशिवाय हळदसुद्धा लागत नाही.

मी या गावची सून, पण राहायला आले ती यंदाच्या मे महिन्यात. हे गेल्यावर मुंबईची जागा खायला उठली, म्हणून यांच्या गावच्या घरी आले. पहिल्याच आठवड्यात भाविका ओटीवर येऊन बसली आणि तिने आपली सगळी कथा एका दमात सांगितली.

शाळेत असताना ती इंग्रजीत पहिली यायची. स्पेलिंग एक चुकायचं नाही. रजेचा अर्ज, गाईवरचा निबंध, सगळं तोंडपाठ. पुढे मुंबईला एका नोकरीच्या मुलाखतीला गेली. समोरच्या गृहस्थांनी साधं विचारलं, इथवर कशा आलात? इंग्रजीत विचारलं. भाविकाला शब्द न् शब्द ओळखीचा वाटला, पण उत्तर म्हणून तोंडातून बाहेर पडला तो रजेचा अर्ज.

"काकू, पूर्ण म्हटला मी! विथ ड्यू रिस्पेक्टपासून! मधेच थांबता येईना. आजारी आहे म्हणून दोन दिवसांची सुट्टी मागितली मी त्या माणसाकडे!"

"मग? दिली का?"

"कायमची दिली!"

त्या दिवशी परतीच्या लाँचमध्ये बसून तिने ठरवलं की आपल्याला इंग्रजी का आलं नाही ते शोधून काढायचं. शिक्षिका झाली, बाहेरून एम. ए. केलं, आणि मुलं दुसरी भाषा शिकतात कशी यावर जगभरात लोकांनी काय काय संशोधन केलं आहे ते मोबाइलवर वाचायला लागली. भाकऱ्या थापताना वाचायची. सखुबाई म्हणतात, आमच्या घरात भाकरी करपली की समजायचं, सूनबाईला काहीतरी नवीन सापडलं.

"पण वाचून वर्गात गेलं की सगळं वेगळंच असतं, काकू," ती म्हणायची. "संशोधन एका काठावर, माझी चौथी दुसऱ्या काठावर आणि मधे अख्खी धरमतरची खाडी. ते लोक होडी बांधत नाहीत आणि आमचे लोक पोहत नाहीत."

होडी तिलाच बांधायची होती आणि घाईही होती. कारण जून महिन्यात अल्पेशने एक सेकंडहँड व्हॅन घेतली. गावातल्या पालकांना अलिबागकडच्या इंग्रजी माध्यमाच्या शाळेची ओढ लागली होती. आता व्हॅनची सोय झाल्यावर सगळी पोरं तिकडे जाणार होती. म्हणजे बायको ज्या पोरांना शिकवते, तीच पोरं नवरा गाडीत भरून नेणार!

"मी रिकाम्या बाकांना शिकवू का?" भाविकाने विचारलं.

"बाक तरी उलटून बोलणार न्हायत," अल्पेश म्हणाला, आणि त्या रात्री त्याला नुसता भात मिळाला.

शेवटी भाविकाने पालकांकडून शब्द घेतला. दिवाळीच्या सुट्टीपर्यंत मला माझ्या पद्धतीने शिकवू द्या. सुट्टीआधी सभा घेऊ. पोरं इंग्रजी बोलली तर इथेच राहतील. नाही बोलली तर मी स्वतः त्यांना व्हॅनमध्ये बसवून देईन.

आणि दुसऱ्या दिवशी ती माझ्याकडे आली.

"काकू, तुम्हाला मराठी येतं हे आतापर्यंत कोणाकोणाला माहीत आहे?"

"अख्ख्या गावाला!"

"पोरांना?"

पोरांना नव्हतं. मी आल्यापासून शाळेला सुट्टी होती आणि मी गुडघे धरून घरात होते. तिचे डोळे असे चमकले की मला खरं तर तेव्हाच दार लावून घ्यायला हवं होतं.

तिचं म्हणणं असं. भाषा यायला ती वापरण्याचं काहीतरी कारण लागतं. ज्या बाईंना मराठी येतं त्यांच्याशी पोरांनी इंग्रजीत का बोलावं? पोरं काही वेडी नाहीत. पण ज्या बिचाऱ्या म्हातारीला मराठी अजिबात येत नाही, तिच्याशी बोलायचं तर दुसरा उपायच नाही.

"ती म्हातारी मी?"

"बिचारी तुम्ही."

मी जिथे शिकले तिथे मराठी बोललं की गळ्यात लाकडाची चकती अडकवायचे. आता उतारवयात एक मुलगी मला आपण होऊन मराठी सोडायला सांगत होती आणि मला त्यात इतका आनंद झाला की मी चहा उतू घालवला.

जूनच्या मध्याला शाळा उघडली आणि मी मंगळवारी आणि शुक्रवारी शाळेत जाऊ लागले. पोरांना सांगितलं होतं, ही मॅडम आजी, परदेशातून आली आहे. मी फळ्यापाशी खडू घेऊन उभी राहायची आणि पोरांनी इंग्रजीत सांगितलेलं चित्र काढायची. नियम एकच, सांगतील तेच आणि तसंच काढायचं. चौथीतला धनेश म्हणाला, 'फिश इन हाऊस.' मी घरात मासा काढला. त्याला घराशेजारची खाडी आणि खाडीत मासा हवा होता. तो कपाळावर हात मारून म्हणाला, 'नो हाऊस! वॉटर! हाऊस साइड वॉटर!' मी घर पाण्यात बुडवलं. खोलीत असा हशा झाला की शेजारच्या वर्गातली पहिली-दुसरी खिडकीशी जमली.

चुका दाखवायला मला बंदी होती. 'मॅडम, यू फ्रायडे नो केम,' असं धनेश म्हणाला की मी नुसतं म्हणायचं, 'ओ, आय डिडन्ट कम ऑन फ्रायडे? आय वॉज इल.' बरोबर वाक्य कानावर घालायचं आणि पुढे जायचं. माझी बोटं लाल पेन्सिलीसाठी शिवशिवायची. भाविका मागच्या बाकावरून डोळे वटारायची.

आणि अमिषा. तिसरीतली, पहिल्या बाकावर बसणारी, टपोऱ्या डोळ्यांची पोर. ती इंग्रजीच्या तासाला एक अक्षर बोलायची नाही. जुलै गेला, ऑगस्ट गेला. तिचा बाप धर्मा शाळेच्या फाटकाशी भाविकाला अडवायचा.

"बाई, आमची पोरगी मुकी हाय काय?"

"ऐकतेय ती, दादा. ऐकू दे. तुमच्याकडे जन्मली तेव्हा पहिल्याच दिवशी बोलली होती का?"

"आता काय नव्यानं जन्माला घालू तिला?"

भाविका हसायची, पण तो गेला की हसू जायचं. मला म्हणायची, "काही मुलं बराच काळ नुसती ऐकतात हे वाचलंय मी. आमच्या सासूबाईंना धवले कोणी शिकवले? लहानपणी मांडवात बसून ऐकत राहिल्या आणि एक दिवस तोंड उघडलं. पण अमिषा कधी उघडेल ते कुठल्याच संशोधनात लिहिलेलं नाही, काकू. आणि दिवाळी तर आलीच."

खरी कसोटी शाळेबाहेर होती. पोरं सगळीकडे असतात. मासेवाली केसर दारात आली आणि मी बोंबलाचा भाव करायला तोंड उघडलं, तर कुंपणावर धनेश. मी तोंड मिटलं आणि बोटं दाखवू लागले.

"काय गो काकू," केसर टोपली आपटून म्हणाली, "परवापर्यंत तर झ्याक भांडत होतीस! जिभेला काय झालं?"

मी 'सॉरी?' म्हटलं. केसरने मला नजर लागली असं समजून मीठ ओवाळलं. तेवढ्यात धनेश कुंपणावरून उतरला आणि गंभीरपणे म्हणाला, 'मॅडम, दिस फिश ओल्ड. नो बाय.'

"ओल्ड म्हंजे काय बोलला रं तू? थांब मेल्या, तुझ्या आईला सांगते!"

असे चार महिने गेले. घरी मी मांजराशी मनसोक्त मराठी बोलून घ्यायची, नाही तर फुटलेच असते.

आज सभा झाली. केंद्रप्रमुख हरेश्वर सर खास आले होते. म्हसळ्याकडचे, नव्यानेच बदलून आलेले, सज्जन, शर्टाला इस्त्री कडक. पालक आणि केसरसारख्या गावच्या बायका भिंतीलगत, पोरं बाकांवर, सर पुढे टेबलाशी, मी शेजारी एका खुर्चीवर, अल्पेश दारात व्हॅनची चावी बोटावर फिरवत.

इथे एक गोष्ट सांगायला हवी, जी मला नंतर कळली. आमच्याकडे मोठा पाहुणा रिकाम्या हाताने परत जात नाही. सखुबाईंनी पहाटे खाडीवरून साहेबांसाठी तीन जिवंत चिंबोऱ्या आणल्या होत्या, हाताच्या पंजाएवढे खेकडे, नांग्या सुतळीने बांधून पिशवीत घातलेले. त्या पिशवी घेऊन पुढे झाल्या आणि त्यांना सरांच्या गळ्यातली तुळशीची माळ दिसली. माळकरी माणूस! आता त्यांच्या हातात चिंबोऱ्या कशा देणार? सखुबाईंनी झटकन वाकून पिशवी जवळच्या खुर्चीखाली सरकवली आणि हात जोडून नमस्कार केला. ती खुर्ची माझी होती.

सरांनी खिशातून पेन काढलं आणि वर धरलं.

"व्हॉट इज धिस?"

पोरं एकमेकांकडे बघू लागली. चार महिन्यांत त्यांना असं काही कोणी विचारलंच नव्हतं. मी त्यांना विचारायची ते मला खरंच माहीत नसायचं, म्हणजे नसल्यासारखं असायचं. शेवटी धनेश उभा राहिला. त्याच्या चेहऱ्यावर सरांबद्दल काळजी होती.

"सर, यू डोन्ट नो?"

मागे कोणीतरी फिसकन हसलं. सरांचे कान लाल झाले. त्यांनी मोर्चा पहिल्या बाकाकडे वळवला. "व्हॉट इज युवर नेम?"

अमिषा त्यांच्याकडे बघत राहिली. बघतच राहिली.

"घ्या!" धर्मा भिंतीजवळून ओरडला. "चार म्हयन्यांत सोताचं नाव सांगता येत न्हाय! अल्पेश, गाडी काढ रं!"

कुजबुज वाढली. चावी फिरायची थांबली. अल्पेशलाही बायकोच्या तोंडाकडे बघवेना. भाविका खडूसारखी पांढरी पडली होती. तिला काही बोलायचं होतं आणि चालताबोलता वारा असलेल्या त्या मुलीला शब्द सापडत नव्हता. मला वाटलं, आता ही रजेचा अर्ज म्हणणार.

आणि एकदम किंचाळल्यासारखा आवाज आला.

"मॅडम! युवर लेग! अप! अप! बिग क्रॅब!"

अमिषा बाकावर उभी होती. बोट माझ्या पायांकडे. मी खाली पाहिलं. सुतळी सुटलेली एक चिंबोरी नांग्या उगारून माझ्या चपलेची चौकशी करत होती.

"नॉट धिस साइड! दॅट साइड!" अमिषा ओरडत होती. "हँड नो पुट! शी विल कट! गो अप ऑन चेअर!"

मग सगळी खोलीच फुटली. "क्लाइंब, मॅडम!" "स्लो स्लो!" "होल्ड युवर सारी!" "धनेश, ब्रिंग बकेट!" पोरंच पोरांना इंग्रजीत हुकूम सोडत होती. मी चढले. गुडघे विसरून चढले. पण पदर खाली राहिला आणि चिंबोरीने तो धरला. ती पदरासकट वर येऊ लागली.

"आगो बाय माझे!" मी ओरडले. "अरे काढा रे कोणीतरी ही मेली चिंबोरी!"

बादलीकडे निघालेला धनेश जागीच थांबला.

चार महिन्यांचं नाटक एका क्षणात पाण्यात गेलं होतं. मी खुर्चीवर, पदराला चिंबोरी लोंबकळतेय, आणि समोर भाविका तोंडावर हात धरून. पोरांच्या तोंडाकडे बघण्याची माझी हिंमत होईना.

"मॅडम, नो टेन्शन," अमिषा शांतपणे म्हणाली. "वी नो."

"यू नो व्हॉट?"

"यू नो मराठी."

"सिन्स गणपती!" धनेशने बादली उचलत खुलासा केला. "यू फाइट विथ कॅट इन मराठी. व्हेरी लाउड."

भाविकाने तोंडावरचा हात काढला. "अरे, मग मला का नाही सांगितलंत?"

पोरं अवघडली. धनेश तिच्याजवळ गेला आणि मोठ्या माणसासारखं हळू आवाजात म्हणाला, "बाई, तुम्हाला वाटत होतं ना की त्यांना मराठी येत न्हाय. आम्ही म्हटलं, कशाला सांगा. तुम्हाला वाईट वाटलं असतं. आणि मजा पण येत होती."

भाविका फरशीवर बसली. आधी मला वाटलं रडते आहे. ती हसत होती. तिचं हसू सखुबाईंना लागलं, त्यांचं केसरला, केसरचं भिंतीला आणि भिंतीचं अख्ख्या सभेला. सखुबाईंनी डोळे पुसत चिंबोरीला पाठीमागून अचूक धरलं, बादलीत टाकलं आणि मला कडेवर घ्यावं तसं खाली उतरवलं.

हरेश्वर सर मात्र हसत नव्हते. त्यांनी टेबलाखालून पाय हळूच ओढून घेतले होते. ते अमिषाकडे झुकले आणि आवाज बारीक करून विचारलं, "बाळ, इज देअर वन मोअर?"

"यस सर," अमिषा म्हणाली. "अंडर युवर टेबल."

सर टेबलावर.

"सर!" भाविका फरशीवरूनच ओरडली, आणि तिला पुन्हा वारा लागला होता. "हा खरा प्रश्न! पेन आहे हे तुम्हाला माहीत होतं, म्हणून पोरं गप्प बसली. चिंबोरी आहे का हे तुम्हाला माहीत नव्हतं! मी चार महिने हेच तर करतेय! आता विचारा, तिला काहीही विचारा, फक्त तुम्हाला उत्तर माहीत नको!"

टेबलावर मांडी घालून सरांनी विचारलं. चिंबोरी कुठे राहते, कशी धरायची, चावली तर काय करायचं. माळकरी माणूस, त्यांना यातलं खरंच काही ठाऊक नव्हतं. अमिषाने सगळं सांगितलं. क्रियापदं जागच्या जागी नव्हती, पण चिंबोरी डोळ्यांपुढे उभी राहिली. दुसरी पोरं मधे मधे भर घालत होती, भांडत होती, तीही इंग्रजीत. धर्मा भिंतीपासून केव्हा पुढे आला कोणाला कळलं नाही. पोरीच्या बाकाशी उभा राहून तो तिच्या तोंडाकडे बघत होता.

"मना समजत काय न्हाय," तो शेवटी म्हणाला. "पण आपली पोर साहेबाला शिकवते हाय, येवरं समजलं."

"मग व्हॅनसाठी कोणाचे हात वर?" सरांनी टेबलावरून विचारलं.

एकच हात वर झाला. तो अल्पेशचा होता. सखुबाईंनी त्यावर चापट मारली आणि तो खाली आला. सभा संपली. सरांना शिराळी आणि एक भोपळा देऊन पाठवलं. दुसरी चिंबोरी टेबलाखालीच मिळाली. तिसरी चिंबोरी शेजारच्या वर्गात शिरली, तिचा पत्ता अजून लागलेला नाही. उद्या पहिली-दुसरीला सुट्टी द्यावी की इंग्रजीचा तास, यावर भाविका विचार करते आहे.

जाता जाता ती माझ्या ओटीवर टेकली. तिसरी चिंबोरी शोधून शोधून चेहरा चिखलाचा, केस सुटलेले.

"काकू, मी वाचलं होतं की गरज पाहिजे. गरज तर गणपतीतच संपली होती. तरी पोरं बोलत राहिली! का?"

"मजा येत होती म्हणाला ना तो."

"हे शोधायला हवं कोणी लिहिलंय का," ती म्हणाली आणि लगेच मोबाइल काढला. मी तो काढून घेतला. घरी भाकऱ्या व्हायच्या होत्या.

शुक्रवारी मी पुन्हा जाणार आहे. धनेशने निरोप पाठवला आहे की मॅडम आजीला मराठी येत नाही, हे तसंच चालू ठेवायचं.

संध्याकाळी अल्पेश आला. रुसला असेल असं वाटलं होतं, पण मान हलवून हसत होता. म्हणाला, आता गाडीत सिलिंडर आणि वाणसामान आणीन, ते पोरांसारखं खिडकीतून ओकत तरी न्हाय.

माझ्या गॅसचा सिलिंडर त्याच व्हॅनमधून आला. अल्पेशने लावून दिला. रिकामा ओटीवर ठेवला आहे.